शांततेच्या काळातील बलिदान



दरवर्षी २६ जानेवारीस आपण ध्वजवंदन करतो, संचलन करतो आणि रणांगणावर पराक्रम गाजविलेल्या वीरांची नावे आदराने उच्चारतो. ती नावे आपणांस पाठ असतात, हे योग्यच आहे. परंतु सैनिकांचा आणखी एक वर्ग असा आहे की ज्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. हे सैनिक शत्रूच्या गोळीने मरण पावले नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या दिवशी देशात कोठेही युद्ध चालू नव्हते. नित्याच्या सरावासाठी त्यांनी आकाशात विमान नेले आणि ते परत आले नाहीत. वर्तमानपत्रांत दोन दिवस त्यांची छायाचित्रे आली आणि मग लोकांना त्यांचा विसर पडला. अशा वैमानिकांविषयी चार गोष्टी समजून घ्याव्यात, त्यांचे काम काय असते व त्यात संकट कोठून येते हे पाहावे, आणि त्यांचे स्मरण कसे करावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोहनखेडा, राजगड, सरदारपूर हा आपला परिसर तीर्थयात्रेचा आणि शेतीभातीचा. येथे लढाऊ विमानांचा तळ नाही. फार तर निरभ्र आकाशात उंचावरून जाणाऱ्या विमानाची पांढरी रेघ आपल्याला दिसते, आणि मुले माना वर करून ती पुसट होईपर्यंत पाहत राहतात. तरीही हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्याच राज्यात ग्वाल्हेर येथे देशाचा एक महत्त्वाचा हवाई तळ आहे. धार, देवास, इंदूर आणि ग्वाल्हेर ही मराठी घराण्यांच्या राज्यकारभाराने जोडलेली गावे असल्यामुळे माळव्यातील मराठी कुटुंबांना ग्वाल्हेर कधीच परके वाटले नाही. त्याच ग्वाल्हेरच्या आकाशातून निघालेल्या एका विमानाची हकीकत प्रथम पाहू.

२८ जानेवारी २०२३

प्रजासत्ताक दिन होऊन दोनच दिवस झाले होते. शनिवारची सकाळ होती. ग्वाल्हेरच्या तळावरून भारतीय हवाई दलाची दोन लढाऊ विमाने नेहमीच्या सराव-उड्डाणासाठी वर गेली. एक होते सुखोई-३०, ज्यात दोन वैमानिक बसतात. दुसरे होते मिराज-२०००, ज्यात एकच वैमानिक होता. ही दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. त्यांचे अवशेष चंबळेच्या खोऱ्यातील मुरैना जिल्ह्यात पहाडगढच्या परिसरात, आणि काही शेजारच्या राजस्थानातील भरतपूर जिल्ह्यात जाऊन पडले. सुखोईतील दोघे वैमानिक विमानातून बाहेर फेकले जाण्याच्या यंत्रणेमुळे बचावले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांना मात्र मरण आले.

विंग कमांडर सारथी हे बेळगावचे. शहराला लागून असलेल्या गणेशपूर भागात त्यांचे घर. दुसऱ्या दिवशी, २९ जानेवारीस, त्यांचा देह हवाई दलाच्या विमानाने सांबरा विमानतळावर आणण्यात आला आणि लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. बेळगाव हे सैन्याच्या परंपरेचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, आणि सांबऱ्यास हवाई दलाच्या जवानांची शाळा आहे. आपल्या जवळच्या महूच्या इन्फन्ट्री स्कूलची एक शाखाही बेळगावातच आहे. म्हणजे एका बाजूने महू आणि ग्वाल्हेर, दुसऱ्या बाजूने बेळगाव, अशी सैनिकी शिक्षणाची वाट आपल्या प्रदेशातून जाते. सारथी त्याच वाटेवरचे एक प्रवासी होते.

लढाई नव्हती, मग प्राण कशासाठी गेला?

अशी बातमी वाचली की कित्येकांच्या मनात एक प्रश्न येतो. तो उघडपणे विचारण्यास संकोच वाटतो, पण तो असतो. सीमेवर लढताना मरण आले तर ते समजते. येथे तर शत्रू नव्हता, सीमा शेकडो कोस दूर होती. मग हा मृत्यू म्हणजे रस्त्यावरील अपघातासारखाच एक अपघात नव्हे काय? त्याला बलिदान का म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊ नये, विचाराने द्यावे. आपल्याकडे कुस्तीगिराच्या आखाड्याला तालीम म्हणतात, आणि सरावालाही तालीम हाच शब्द आहे. जत्रेच्या दिवशी फडात दोन मल्ल भिडतात तो खेळ थोड्या मिनिटांचा. पण त्या मिनिटांसाठी मल्लाने वर्षानुवर्षे पहाटे उठून माती उकरलेली असते, हजारो जोर-बैठका काढलेल्या असतात. फडातील जय हा तालमीतील मेहनतीचे फळ असतो. सैनिकाचेही असेच आहे. युद्ध क्वचित येते, काही दिवस चालते. त्यासाठीची तयारी मात्र रोज चालते. ज्या देशाचे सैनिक रोज तयारी करतात त्या देशावर युद्ध लादण्याचे धाडस शेजाऱ्यास सहजासहजी होत नाही. तेव्हा ज्या शांततेत आपण शाळेत येतो, शेतात जातो, मोहनखेड्याची यात्रा करतो, ती शांतताच या सरावाने राखलेली असते.

एक उदाहरण घेऊ. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. बर्फाच्छादित शिखरांवर शत्रू दडून बसला होता आणि इतक्या उंचीवर विमानातून अचूक मारा करणे अत्यंत अवघड होते. त्या वेळी मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवरील ठाण्यावर नेमका मारा केला आणि पायदळाचे काम सुकर झाले. ही विमाने १९८५ पासून ग्वाल्हेरला येऊ लागली होती. म्हणजे त्या काही क्षणांच्या अचूकपणामागे चौदा वर्षांचा सराव उभा होता. त्या चौदा वर्षांतील प्रत्येक उड्डाण धोक्याचे होते. तो धोका जर कोणी पत्करला नसता, तर कारगिलच्या दिवशी ते कौशल्य कोठून आले असते?

सराव हा शिकाऊ मुलांचाच असतो अशी समजूतही चुकीची आहे. १७ मार्च २०२१ रोजी मध्य भारतातील एका हवाई तळावरून युद्धसरावासाठी उड्डाण करताना मिग-२१ बायसन विमानास अपघात झाला आणि ग्रुप कॅप्टन आशिष गुप्ता यांना मृत्यू आला. ग्रुप कॅप्टन हा पायदळातील कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा. इतक्या अनुभवी अधिकाऱ्यालाही सराव चुकत नाही. गवई जसा म्हातारपणीही रियाज सोडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

उड्डाणाची शाळा

वैमानिक कसा घडतो ते थोडक्यात पाहू. बारावीनंतर काही मुले पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातात. तेथे भूदल, नौदल व हवाई दल यांचे भावी अधिकारी एकत्र शिकतात. अलीकडे मुलींनाही त्या प्रबोधिनीचे दार उघडले आहे. काही जण पदवी घेऊन थेट हवाई दलाच्या परीक्षेस बसतात. पुढे हैदराबादजवळ दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनीत उड्डाणाचा श्रीगणेशा होतो. प्रथम लहान विमान, शेजारी किंवा मागे शिक्षक. मग एक दिवस शिक्षक खाली उतरतो आणि शिष्य एकटा वर जातो. पहिल्या एकट्या उड्डाणाचा तो दिवस कोणताही वैमानिक विसरत नाही. त्यानंतर अधिक वेगाची विमाने, आणि शेवटी लढाऊ विमान.

लढाऊ विमानातील शिक्षणात शरीराचीही परीक्षा असते. विमान वेगात वळते तेव्हा वैमानिकाच्या शरीरावरील भार अनेक पटींनी वाढतो. नऊपट भार आला तर साठ किलो वजनाच्या माणसास आपले वजन पाचशे चाळीस किलो झाल्यासारखे वाटते. मेंदूकडील रक्त पायांकडे ओढले जाते, दृष्टी आकुंचित होते, आणि काळजी न घेतल्यास शुद्धही हरपते. यासाठी वैमानिक पाय व पोट आवळून धरणारा खास पोशाख घालतात आणि श्वासाची विशिष्ट पद्धत शिकतात. एवढे करूनही त्याच वेळी त्यांना उपकरणे वाचायची असतात, नभोवाणीवर बोलायचे असते आणि समोरचे विमान नजरेत ठेवायचे असते.

मोहरीएवढे विमान

गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असे एक उदाहरण येथे करून पाहू. ते कोणत्याही एका अपघाताचे वर्णन नव्हे, आकाशातील वेगाची कल्पना यावी म्हणून घेतले आहे.

समजा, दोन विमाने प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. प्रत्येकाचा वेग सेकंदाला २५० मीटर झाला. दोघांमधील अंतर सेकंदाला ५०० मीटरने कमी होते. आता वैमानिकाला समोरची वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच दिशेने येत आहे हे उमगणे, वळायचे कोणीकडे हे ठरविणे, हात हलविणे आणि विमानाने प्रत्यक्ष वळणे, या सगळ्यास उड्डाणशास्त्राच्या पुस्तकांत सुमारे साडेबारा सेकंद धरलेले असतात. साडेबारा सेकंदांत ती विमाने ६,२५० मीटर, म्हणजे सहा किलोमीटरांहून अधिक, जवळ आलेली असतात.

सहा किलोमीटरांवर विमान केवढे दिसते? मिराजच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी सुमारे नऊ मीटर आहे. प्रमाण मांडले तर ६,२५० मीटरवरील नऊ मीटर म्हणजे एक मीटर अंतरावर धरलेली दीड मिलिमीटरची वस्तू. सोप्या भाषेत, मोहरीचा दाणा. उन्हाने चमकणाऱ्या आकाशात, स्वतः वेगाने वळत असताना, तो मोहरीचा दाणा वैमानिकाने ओळखायचा असतो. रडार आणि जमिनीवरील नियंत्रक त्याला साहाय्य करतात, दोन विमानांनी एकमेकांपासून किती अंतर राखावे याचे कडक नियम असतात. तरीसुद्धा लढाईचा सराव म्हटला की विमानांना एकमेकांच्या जवळ जावेच लागते. लांबून हात जोडून कुस्ती शिकता येत नाही.

गोव्याचा दर्या

जमिनीवरून आता समुद्राकडे वळू. आमची घरातील भाषा कोकणी, त्यामुळे गोव्याच्या दर्याची बातमी आली की ती घरचीच वाटते. दाबोळी येथे नौदलाचा आयएनएस हंसा हा हवाई तळ आहे. २४ मार्च २०१५ च्या रात्री तेथून नौदलाचे एक डॉर्नियर विमान रात्रीच्या सरावासाठी निघाले. विमानात तीन अधिकारी होते. रात्री दहाच्या सुमारास विमानाशी संपर्क तुटला. ते अरबी समुद्रात कोसळले होते. नौदलाची जहाजे व विमाने शोधासाठी निघाली. कमांडर निखिल जोशी यांना मासेमारीच्या होडीवरील लोकांनी पाण्यातून वाचविले. लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी हे मात्र वाचू शकले नाहीत. त्यांचे देह पुढील काही दिवसांत समुद्रतळाशी सापडले.

लेफ्टनंट किरण शेखावत यांचा जन्म १९८८ साली मुंबईत, नौदलातील कुटुंबात झाला. विमानातून समुद्रावर टेहळणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम त्या करीत. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या राजपथावर नौदलाच्या महिलांचे जे पथक संचलन करीत गेले, त्यात त्या होत्या. दोन महिन्यांनी त्या गेल्या. कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या भारतीय नौदलातील त्या पहिल्या महिला अधिकारी होत. आपल्या शाळेतील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. मुलींना सैन्यात बरोबरीचे स्थान मिळावे असे आपण म्हणतो तेव्हा त्या स्थानाबरोबर बरोबरीचा धोकाही येतो, आणि तो स्वीकारणाऱ्या स्त्रिया आपल्या देशात होऊन गेल्या आहेत, हे त्यांना ठाऊक असावे.

रात्री समुद्रावर उडणे कठीण का, हे मुलांना एका खेळातून समजेल. फुगडी घालताना आपण वेगाने फिरतो आणि एकदम थांबतो, तेव्हा जग उलट फिरत असल्याचा भास होतो. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर फिरले की तो द्रव हलतो आणि मेंदूस वार्ता देतो. परंतु बराच वेळ एकाच गतीने फिरत राहिले की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो, आणि आपण फिरतच नाही असे वाटते. थांबल्यावर मात्र उलटा भास होतो. दिवसा डोळे हा भास दुरुस्त करतात, कारण क्षितिज दिसत असते. काळोख्या रात्री समुद्रावर क्षितिजच नसते. वर तारे आणि खाली होड्यांचे दिवे, यांतील फरकही कळेनासा होतो. अशा वेळी वैमानिकाने आपल्या शरीराच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता समोरील उपकरणांवर विश्वास ठेवायचा असतो. स्वतःच्या जाणिवेविरुद्ध वागण्याची ही शिस्त पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी रात्रीच उडावे लागते.

याच समुद्रात २६ नोव्हेंबर २०२० रोजी आणखी एक दुर्घटना घडली. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरून उडालेले नौदलाचे मिग-२९के हे दोन आसनांचे शिक्षण-विमान पाण्यात पडले. शिकणारा वैमानिक वाचला. शिकविणारे अधिकारी कमांडर निशांत सिंह यांचा शोध अकरा दिवस चालला, आणि ७ डिसेंबरला गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीस मैलांवर समुद्रतळाशी त्यांचा देह मिळाला. आम्ही शिक्षकांनी या घटनेकडे थोडे थांबून पाहावे. आमच्या वर्गात विद्यार्थ्याचे गणित चुकले तर लाल शाईने एक खूण करावी लागते. आकाशातील शिक्षक हा शिष्याबरोबर त्याच विमानात बसतो आणि शिकविण्याचा धोका शिष्याइतकाच स्वतःही घेतो. गुरुशिष्यांचे इतके निकटचे नाते दुसऱ्या कोणत्या शाळेत असेल, हे आम्हांस सांगता येत नाही.

पुण्यातील एक घर

आता ज्या हकीकतीने या लेखाचा विषय पूर्ण होतो तिच्याकडे येऊ. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगड येथून सरावासाठी निघालेले एक मिग-२१ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्याचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे पुण्याचे होते. तरुण मुलगा गेला. आईवडिलांवर काय ओढवले असेल ते शब्दांत सांगण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही.

पण त्यानंतर त्या घराने जे केले ते सांगण्याजोगे आहे. अभिजितच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला. हे जुने विमान सुरक्षित आहे काय? तरुण वैमानिकांना त्यावर जाण्यापूर्वी पुरेसे शिक्षण मिळते काय? अपघात झाला की दोष विमानाचा, शिक्षणाचा, की वैमानिकाचा, हे कसे ठरते? अपघाताच्या कारणांविषयी हवाई दलाशी त्यांचा दीर्घ काळ वाद चालला. सैन्याविषयी आदर असलेल्या घराला सैन्यालाच प्रश्न विचारणे सोपे नसते. लोकांपैकी काहींना ते रुचलेही नाही. परंतु त्या दोघांनी केवळ तक्रार करून थांबायचे नाही असे ठरविले आणि पुण्यात मुलाच्या नावे अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन ही संस्था काढली. उड्डाणाची सुरक्षितता आणि वैमानिकांचे शिक्षण हेच तिचे कार्य. इतरांची मुले सुखरूप परत यावीत, यासाठी एका घराने आपल्या दुःखाचा असा विनियोग केला.

मिग-२१ विमाने १९६० च्या दशकात भारतात आली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्यांना शेवटचा निरोप देण्यात आला. साठहून अधिक वर्षे या विमानाने देशाची सेवा केली, १९७१ च्या युद्धात मोठी कामगिरी बजावली, आणि त्याच विमानाच्या अपघातांत अनेक वैमानिक गमावले गेले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी झाकू नये. पहिली झाकली तर वैमानिकांच्या पराक्रमावर अन्याय होतो, आणि दुसरी झाकली तर पुढच्या वैमानिकाच्या जिवावर.

स्मरण कसे करावे?

जगात इतरत्र या बाबतीत काय करतात, ते पाहणे बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांड या हवाई विभागातील पंचावन्न हजारांहून अधिक वैमानिक व सहकारी मरण पावले. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक जण शत्रूच्या प्रदेशापर्यंत पोहोचलेच नव्हते. ते शिकत असतानाच गेले. त्यांची नावे इतरांपासून वेगळी काढलेली नाहीत. त्याच देशात स्टॅफर्डशायर परगण्यात २००७ साली एक मोठे स्मारक उभारण्यात आले. महायुद्धानंतर कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर कोरली आहेत, आणि त्यांत सरावात मरण पावलेल्यांचीही नावे आहेत. भिंतीत एक फट ठेवली आहे. दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या सकाळी अकरा वाजता तिच्यातून सूर्याचा किरण आत येऊन मध्यभागी ठेवलेल्या पुष्पचक्राच्या शिल्पावर पडतो. युद्धात गेला की सरावात, हा भेद तो किरण करीत नाही.

आपल्याकडेही खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, तेथून शिकून गेलेल्या आणि देशासाठी प्राण वेचलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ एक छोटी वास्तू आहे. तेथील आजचे विद्यार्थी तिच्यापुढे नतमस्तक होतात. आपल्याला मोठे स्मारक उभारता येणार नाही. पण स्मरणाचे तीन मार्ग कोणत्याही शाळेस मोकळे आहेत, असे आम्हांस वाटते.

पहिला मार्ग नाव घेण्याचा. 'विमान कोसळले, वैमानिक ठार' एवढीच बातमी वाचून पान उलटू नये. वैमानिकाचे नाव वाचावे, त्याचे गाव नकाशावर शोधावे. नाव आणि गाव कळले की तो आकड्यातून बाहेर येऊन माणूस होतो.

दुसरा मार्ग समजून घेण्याचा. प्रत्येक लष्करी विमान-अपघातानंतर चौकशी मंडळ नेमले जाते. २८ जानेवारी २०२३ च्या अपघातानंतरही ते नेमण्यात आले. अवशेष गोळा करणे, विमानातील नोंदयंत्र तपासणे, बचावलेल्यांची व पाहणाऱ्यांची साक्ष घेणे, ही कामे त्यात होतात. अशा चौकश्यांतून नियम बदलतात, यंत्रे सुधारतात, शिक्षणाची पद्धत बदलते. आज आकाशात जाणारा तरुण वैमानिक ज्या नियमांनी सुरक्षित राहतो, त्यांतील कित्येक नियमांमागे कोणाचा तरी मृत्यू आहे. म्हणून अपघाताची चर्चा करताना अफवा पसरवू नयेत आणि मृत वैमानिकावर घाईने दोष ठेवू नये. त्याला उत्तर देता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग मागे राहिलेल्यांचा विचार करण्याचा. सैनिकाच्या घरी दोन दिवस गर्दी होते, पुष्पहार येतात, भाषणे होतात. तिसऱ्या महिन्यात दारावर कोणी नसते. आपल्या आसपास कोणा सैनिकाचे घर असेल, तर त्या घरातील मुलांना शाळेत सोबत देणे, वृद्धांची विचारपूस करणे, कार्यालयातील कागदपत्रांना हातभार लावणे, ही कामे लहान दिसली तरी भाषणांपेक्षा मोलाची आहेत.

आपणांपैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी विमान दुरुस्त करणारा यंत्रज्ञ, कोणी हवामान सांगणारा शास्त्रज्ञ. नाशिकजवळ ओझर येथे सुखोई विमाने बांधली गेली. तेथे शिकलेल्या हातांनी पक्के केलेल्या एकेका खिळ्यावर आकाशातील माणसाचा जीव अवलंबून असतो. आपले काम चोख करणे, आणि जेथे ते चोख होत नसेल तेथे नम्रतेने पण ठामपणे विचारणे, हेच या वैमानिकांनी मागे ठेवलेले शिक्षण आहे. ते आपण घेतले तर सारथी, शेखावत, नागोरी, सिंह, गुप्ता आणि गाडगीळ ही नावे केवळ शोकाची राहणार नाहीत.

अभ्यासासाठी

१. भारताच्या नकाशावर ग्वाल्हेर, मुरैना, भरतपूर, बेळगाव, दाबोळी, सुरतगड, दुंडिगल आणि खडकवासला ही ठिकाणे दाखवा.

२. दोन विमाने प्रत्येकी ताशी ७२० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील, तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यातील अंतर किती कमी होईल?

३. फुगडी थांबल्यावर जग फिरत असल्याचा भास का होतो, ते कानाची आकृती काढून स्पष्ट करा.

४. "सरावात आलेला मृत्यू हा युद्धातील मृत्यूइतकाच आदरास पात्र आहे." या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने प्रत्येकी दहा ओळी लिहा, आणि शेवटी आपले मत द्या.

५. आपल्या गावातील किंवा नात्यातील एखाद्या निवृत्त सैनिकास भेटून, त्यांच्या शिक्षणाच्या काळातील दिनक्रम विचारा व तो वर्गात वाचून दाखवा.